बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनसाठी मदत हवी आहे (नेरूळ, खिडकी डक्टमध्ये उघडते)

नमस्कार मंडळी,

नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूम ४ बाय ७ फूट, उंची ९ फूट. खिडकी एकच, काचेच्या पट्ट्यांची, आणि ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या गच्चीपर्यंत जाणाऱ्या उभ्या पोकळीत, उघडते. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून गीझरच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेत. ब्लीचच्या पाण्याने पुसले की आठवडाभर छत पांढरं, मग पुन्हा तिथेच, पहिल्यापेक्षा वीतभर पुढे सरकलेले. दार खालून इतकं फुगलंय की उचलून धरल्याशिवाय कडी लागत नाही. बाबांना दमा आहे, त्यामुळे नुसता रंग मारून भागणार नाही.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, वरच्या पट्ट्या काढून तिथे ६ इंची फॅन बसवू. सुतार म्हणतो, डक्टचा वास घरात येईल, त्यापेक्षा पॅसेजच्या माळ्यावरून पाइप टाकून स्वयंपाकघराच्या बाल्कनीत काढा. ते अंतर १२ फूट आहे, वळणं दोन. शेजारचे काका म्हणतात, हवा फॉल्स सीलिंगच्या वर सोडून द्या. यातलं काय करू? आणि पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असताना फॅनचा उपयोग होतो का?

प्रतिसाद

आधी गीझर कसला ते सांगा. गॅसचा असेल तर फॅनचा विचार नंतर, गीझर आधी बाथरूमबाहेर काढा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यात दार बंद करून फॅन लावला तर गीझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. ही गोष्ट कृपया टाळू नका.

काकांचा सल्ला अजिबात ऐकू नका. ती वाफ सीलिंगच्या वर स्लॅबला धरेल आणि बुरशी दिसणारही नाही.

तुमच्या बाथरूममध्ये जेमतेम ७ घनमीटर हवा आहे. ती तासाला १० वेळा बदलायची तर ७० घनमीटर पुरे, आणि ६ इंची फॅन याहून बराच जास्त ओढतो. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. साध्या पात्याचा फॅन १२ फूट पाइप आणि दोन वळणांपुढे दम टाकतो. पाइपच टाकायचा असेल तर ४ इंची इनलाइन फॅन (पाइपच्या मध्येच जोडायचा) घ्या आणि पाइपला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर आत साचलेलं पाणी फॅनवर येईल.

माझं मत खिडकीच्या बाजूने. फॅन बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या झडपांचा घ्या, वासाचा त्रास बराच कमी होतो. खाडीच्या हवेत पत्रा गंजतो, म्हणून प्लास्टिक बॉडी. उरलेल्या पट्ट्या मात्र बंद करा. त्या उघड्या राहिल्या तर फॅन डक्टचीच हवा आत घेऊन पुन्हा डक्टमध्ये फेकत बसेल. हवा दाराखालून यायला हवी. नाहीतरी सुतार दार तासणारच आहे, तेव्हा खाली पाऊण इंच फट ठेवायला सांगा. फॅन लावून, दार बंद करून फटीशी टिश्यूची पट्टी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे.

पावसाळ्यातही उपयोग होतो. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर आतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा जास्त वाफ असते. फक्त वायपरने लादी ओढून घ्या आणि फॅन अर्धा तास चालू ठेवा.

आणखी एक. गच्चीवर जाऊन डक्टचं तोंड बघा. पावसासाठी बऱ्याच सोसायट्या त्यावर पत्रे टाकतात. चारही बाजू बंद असतील तर तुमची वाफ वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत जाईल.

धागाकर्ता

मनापासून आभार. गीझर विजेचा आहे, १५ लिटरचा. आत्ताच गच्चीवर जाऊन आलो. पत्रे आहेत, पण तीन बाजूंना हातभर मोकळी जागा आहे. चौथ्या बाजूला कुणीतरी जुनी ताडपत्री कोंबलीय, ती काढायला सेक्रेटरींना सांगितलंय. म्हणजे आता खिडकीतच बसवतो. सुतार रविवारी येतोय, पाऊण इंचाचं त्याला फोनवरच सांगून ठेवलं. एकच विचारायचं राहिलं: छताचा जुना रंग पूर्ण खरवडून काढावा लागेल, की बुरशीचा भाग तेवढा?