ढोलकीच्या तालावर उघडणारा तानपुरा

गाण्याचे मिक्सिंग करताना सर्व वाद्यांचा आवाज एका रिव्हर्ब (घुमारा देणाऱ्या) ट्रॅककडे पाठवावा, अशी सूचना केली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु ट्रॅकमधील जोडणीचा उपयोग एका वाद्याने दुसऱ्यावर नियंत्रण ठेवण्यासाठीही होतो आणि मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो. उदाहरणार्थ, रीपर या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये ढोलकीच्या ट्रॅकवरून तानपुऱ्याच्या ट्रॅककडे सेंड (आवाजाची प्रत पाठवणारी जोडणी) जोडून तो नेहमीच्या १/२ ऐवजी ३/४ या चॅनेलवर उतरवावा, तानपुऱ्यावर रीगेट (ठरावीक पातळीचा आवाज आला तरच उघडणारे रीपरमधील गेट) लावून त्याचा डिटेक्टर इनपुट, म्हणजे गेट ज्या आवाजावर उघडते तो, ऑक्झिलरीवर (याच ३/४ चॅनेलवर) ठेवावा, म्हणजे तानपुऱ्याचा अखंड सूर ढोलकीच्या प्रत्येक थापेबरोबर उघडतो आणि मिटतो. रीगेटमधील हाय-पास (खालचे, जड स्वर गाळणारा फिल्टर) वाढवला तर ढोलकीच्या धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूच्या, जड आवाजाने गेट उघडत नाही, केवळ चाटीचे, म्हणजे उंच स्वराच्या बाजूचे, बोल त्याला उघडतात.

हा सेंड प्री-फेडर, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाच्या पट्टीआधीचा, ठेवणे अत्यावश्यक आहे. अन्यथा मिक्स करताना ढोलकी थोडी खाली घेतली की गेटचे वागणेही बदलते. ढोलकी ऐकूच येऊ नये असे वाटत असेल, तर तिचा मास्टर सेंड (अंतिम मिक्सकडे जाणारी जोडणी) बंद करावा. रिलीज (गेट मिटायला लागणारा वेळ) मात्र कानानेच ठरवावा, कारण तो फार लहान ठेवल्यास सूर तुटक वाटतो.

डिलेचा (प्रतिध्वनीचा) ट्रॅक फिरवून पुन्हा त्याच्याच साखळीत आणायचा असल्यास प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फीडबॅक राउटिंगला परवानगी द्यावी लागते, आणि त्या वळणावर लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारे साधन) लावल्याशिवाय हेडफोन कानाला लावू नयेत.