आण्णांना ७१ व्या वर्षी आकड्याचा नाद लागलाय, काय करू?

कराडची लेक:
आमचे आण्णा सांगलीत विश्रामबागला एकटे असतात, आई जाऊन तीन वर्षं झाली. जिल्हा परिषदेतनं रिटायर, पेन्शन चांगली, आयुष्यात कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. दीड वर्षापास्नं मोबाईलवर रमी सुरू झाली, २०२५ च्या ऑगस्टमधे कायदा येऊन पैशाचे गेम बंद पडले तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली, पण महिन्याभरात मटका सुरू. वहीत चार्ट काढत बसतात, काल ओपन म्हणजे पहिला आकडा काय आला, आज कुठली दोन आकड्यांची जोडी लागणार. पेन्शन दहा तारखेच्या आत संपते, आणि परवा कळलं आईच्या पाटल्या गहाण आहेत. विचारलं तर रडले ओ, म्हणाले मला पण कळतंय गं पण राहवत नाही. भाऊ पुण्यात, तो चिडून बोलेनासा झालाय. बाकी तब्येत बरी, फक्त हात थरथरतो त्याच्या गोळ्या चालू आहेत.

कृष्णाकाठ:
ताई पहिलं एटीएम कार्ड काढून घ्या. आणि वहीतच मांडून दाखवा, आकडे १० आणि एका आकड्याला रुपयाला ९ मिळतात, रोज लावणारा बुडणारच, चार्ट कितीबी काढा.

मिरज सिस्टर:
थांबा, हाताच्या गोळीचं नाव काय? पार्किन्सन्स आहे का? त्यात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्या देतात, त्या मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनासारखं काम करतात आणि काही पेशंटना त्यातनंच जुगार, खरेदी, खाणं असला न आवरणारा नाद लागतो. डॉक्टरांना हे माहीत असतं पण पेशंट लाजेनं बोलत नाही आणि घरचे म्हणतात म्हातारपणी बुद्धी फिरली. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि रमी कधी सुरू झाली ते जुळवून बघा. पण मनानं गोळी बंद करू नका हं, एकदम सोडली की त्रास फार वाढतो. न्यूरोच्या डॉक्टरांना सगळं स्पष्ट सांगा, डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बऱ्याच जणांचा नाद उतरतो.

साताराकर:
गोळीचं निघालं नाही तरी सांगतो, माझ्या चुलत्यांना काकी गेल्यावर असंच झालेलं. आम्ही दोनदा उधारी फेडली, तिसऱ्यांदा ती दुप्पट निघाली. रोख पैसे हातात देऊ नका, पाटल्या तुम्ही स्वतः जाऊन सोडवा. कार्ड हिसकावू पण नका, आमचे तात्या त्याच रागानं सावकाराकडं गेले. त्यांच्याशी बोलून, ते हो म्हणाले तरच, आठवड्याचा खर्च तेवढा त्यांच्याकडं ठेवा. आणि दुपारी ओपनच्या टायमाला कुणीतरी सोबत पाहिजे, तात्यांना मी त्या वेळेला शेतावर न्यायचो. १४४१६ वर टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात, आम्हाला उपयोग झाला.

कराडची लेक:
आत्ताच आण्णांना फोन करून पाकीट वाचायला लावलं. प्रामिपेक्सोलच आहे. फाईलचा फोटो बघितला, रमीच्या दोन महिने आधी सुरू झालीय. सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू. गुरुवारची वेळ घेतली. तुमचा मेसेज भावाला पाठवला तर पाच मिनिटांत त्याचा फोन, म्हणला बुधवारी रात्री निघतो, आण्णांना मीच घेऊन जातो.