दिवाळी अंकाचं टायपिंग आणि आमचा जुना डेस्कटॉप

प्रेषक: काकू, मिसिसागा
१४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

अंकासाठी आजोळवरचा लेख मी ऑगस्टमध्येच पाठवला होता, माझ्याकडे कितीतरी वर्षांपासून जो मराठी फॉन्ट आहे त्यातच टाईप करून, पण समितीचं उत्तर आलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतायत, एक शब्द लागत नाहीये. माझ्या स्क्रीनवर तर सगळं नीट दिसतं. बारा पानं आहेत हो, परत टाईप करायची म्हणजे दिवाळी उलटून जाईल.

कॉम्प्युटर दुकानात नेला तर ते म्हणाले विंडोज १० बंद होतंय, नवीनच घ्या. हा डेस्कटॉप ह्यांनी २०१७ मध्ये एकेक पार्ट आणून स्वतः जोडलाय, तो टाकायला माझं मन होत नाही. मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? कोणीतरी सांगा.

काकू

---

प्रेषक: अंक समिती
१४ सप्टेंबर

काकू, नमस्कार. कॉम्प्युटर टाकू नका आणि सॉफ्टवेअरवर एक डॉलरही घालवू नका, मराठी विंडोजमध्येच आहे, फक्त चालू करावं लागतं.

आधी लेखाचं. जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं, म्हणून तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला आतलं इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो, मग फोन असो, मॅक असो, इमेल असो, सगळीकडे क च दिसणार. तर परत टाईप करू नका. फाईल आणि फॉन्टचं नाव मला पाठवा, मी कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करून देतो. रफार आणि जोडाक्षरं काही ठिकाणी बिघडतील, तेवढी तुम्ही वाचून दुरुस्त करा.

त्या दुरुस्तीसाठी कीबोर्ड लागेल. सेटिंग्जमध्ये जा, टाईम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, तिथे अ‍ॅड अ लँग्वेज करून मराठी निवडा. एक काळजी घ्या, त्याच खिडकीत डिस्प्ले लँग्वेजची खूण असते ती काढून टाका, नाहीतर सगळे मेनूच मराठी होतात आणि मग फोनवरून मदत करणाऱ्याला काही सांगता येत नाही. मराठीच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅड अ कीबोर्ड म्हणून मराठी फोनेटिक घ्या. हा २०१९ पासून विंडोज १० मध्येच येतो, इंग्रजी स्पेलिंगने शब्द टाईप केला की खाली मराठी शब्द सुचवतो, त्यातला निवडायचा. इंग्रजी-मराठी अदलाबदल करायला विंडोज की धरून स्पेसबार. मराठी टाकली की मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्टही येतात, निर्मला तर आधीपासूनच असतो, अंकासाठी यातला कुठलाही चालेल.

बाकी दोन गोष्टी, तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून. विंडोज की आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करा, म्हणजे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी राहतात, परिच्छेद इकडचा तिकडे हलवताना हरवत नाही (पासवर्ड कॉपी केलात तर तोही राहतो, तो लगेच पुसून टाका). आणि डेट अँड टाईममध्ये अ‍ॅड क्लॉक्स म्हणून आहे तिथे भारताची वेळ लावा. उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की साडेदहा, हा हिशोब तोच ठेवतो, बहिणीला भलत्या वेळी फोन जात नाही.

---

प्रेषक: ताई, ओकव्हिल
१५ सप्टेंबर

फोनेटिक चार ओळींना ठीक आहे, पण ज्यांना पानंच्या पानं लिहायचीत त्यांनी इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची की असलेला कीबोर्ड, शिकावा असं मला मनापासून वाटतं. विंडोजमध्ये मराठी घेतली की तो आपोआप येतोच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि क च्या कीवर शिफ्ट धरलं की ख, ग वर शिफ्ट धरलं की घ, म्हणजे बाराखडी आणि वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याच्या हाताला ती रचना पटकन कळते. 'मराठी' लिहायचं तर सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरण चिन्हाची की, आणि आर. पहिला आठवडा जड जातो, बोटं चुकतात, पण नंतर सुचवलेल्या शब्दांकडे बघत बसावं लागत नाही, मनातलं वाक्य सरळ उतरतं. मी गेली सहा वर्षं सगळं यातच लिहितेय. माझी शेजारीण गुजराती आहे, तिचाही क त्याच कीवर.

---

प्रेषक: अंक समितीतला धाकटा, ब्रॅम्प्टन
१५ सप्टेंबर

काकू, दुकानदाराने अर्धंच सांगितलं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबतायत, दिवाळीच्या आठवडाभर आधी, पण कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडणार नाहीये. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळत राहतात, त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नाव नोंदवायचं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. २०१७ च्या मशीनवर विंडोज ११ बहुतेक बसणार नाही, कारण इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. वर्षभर मिळतंय तर तोवर सावकाश ठरवा, तेव्हा लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, टाकायचं असेल तर मी येऊन टाकून देईन.

स्लो वाटत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपवर जा आणि जे लागत नाही ते डिसेबल करा. आणि आत अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, जुन्या मशीनला एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. काकांनी स्वतः जोडलाय म्हणजे केस उघडायला त्यांना पाच मिनिटं लागतील.

---

प्रेषक: काकू, मिसिसागा
१९ सप्टेंबर

सगळ्यांचे खूप खूप आभार. कन्व्हर्ट केलेला लेख आला, रफार बरेच उलटेसुलटे झाले होते ते दोन दिवस बसून नीट केले. ह्यांनी केस उघडली, हार्डडिस्क जुनीच निघाली, एसएसडी शनिवारी येतेय.

एक अडतंय. माझं आजोळ घाटाखाली, लेखाची सुरुवातच सह्याद्रीच्या दऱ्यांपासून आहे, आणि कन्व्हर्टरने सगळीकडे 'दर्या' केलंय. दर्या म्हणजे समुद्र हो, अर्थच गेला. फोनेटिकमध्येही मला तेच मिळालं.

---

प्रेषक: ताई, ओकव्हिल
१९ सप्टेंबर

काकू, तो चंद्रकोरीसारखा र आहे. इनस्क्रिप्टवर या: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. ऱ्य येईल. शिफ्ट-जे हा मराठीतला खाली टिंब असलेला ऱ आहे, डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडायची खूण, तिरकी रेघ म्हणजे य. दऱ्या, वाऱ्यावर, बिचाऱ्या सगळे असेच, आणि तऱ्हा ला शेवटी य च्या जागी यू दाबा म्हणजे ह येतो. दोन्ही कीबोर्ड ठेवा, अडलं की विंडोज की आणि स्पेसने तेवढ्यापुरतं इकडे या.

---

प्रेषक: काकू, मिसिसागा
१९ सप्टेंबर, रात्री

आलं! दऱ्या, खोऱ्यातली, माहेरच्या ओसरीवरच्या म्हाताऱ्या, सगळं जसं मी बोलते तसं उमटलं. एकवीस ठिकाणी बदललंय. लेख जोडलाय, फक्त पान ७ वर 'खळं' आहे ते 'खळे' करू नका, आमच्याकडे तसंच म्हणतात.