घर सुटलं, मग त्यांचं काय झालं?

जुन्या घरांच्या आठवणी निघाल्या की माजघर, झोपाळा, आजीचा देव्हारा हे सगळं ओघानं येतंच. त्यावर भरपूर लिहून झालंय. या वेळी जरा आडवाटेनं जाऊ या. घर पडलं, विकलं, धरणात गेलं, नुसतं बंद झालं, तेव्हा तिथल्या कुत्र्यामांजरांचं, गाईबैलांचं काय झालं? वाटणीच्या कागदावर आंब्याची कलमं मोजून लिहितात. कुत्रा कोणाच्या वाट्याला, हे लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. गोडगोडच लिहा असं नाही, घडलं तसं लिहा. सुरुवात मी करते, खाली ज्यानं त्यानं आपापल्या टोपणनावानं लिहावं.

आमचं घर गुहागर तालुक्यातलं, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. काका गेले आणि दाराला कुलूप लागलं. गणपतीत आणि मे महिन्यात उघडायचं, एरवी बंद. खंड्या हा काकांचा कुत्रा. शेजारचे आबा त्याला दोन वेळ पेजभात घालायचे. जेवायचा त्यांच्याकडे, पण झोपायला आमच्याच पडवीत. एकदा त्याला डोंबिवलीला नेला. आमच्या ब्लॉकच्या दाराशी बसून राहिला, पाण्याशिवाय काही घेईना. शेवटी भाऊ त्याला परत सोडून आला. गाडीतून उतरल्यावर मागे वळूनही न बघता थेट पडवीत गेला म्हणे. पुढच्या थंडीत बिबट्यानं नेला. आबांचा फोन आला, "तुमचा खंड्या गेला हो. रात्री एकदाच ओरडला." आत राखण्यासारखं पितळेच्या चार भांड्यांपलीकडे काही नव्हतं.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण, 22 जुलै 2021. आमच्याकडे पूर नवा नाही. भिंतीवर 26 जुलै 2005 ची रेघ ओढलेली होती आणि दरवर्षी पाणी चढू लागलं की सगळे त्या रेघेकडे बघून धीर धरायचे. त्या दिवशी सकाळी रेघ दिसेनाशी झाली. आम्ही पोटमाळ्यावर. सासूबाईंना वर चढवता चढवता नाकी नऊ आले, कारण त्यांना देव बरोबर हवे होते आणि देव ताम्हनासकट हवे होते.

वर मनी आधीच होती. त्या माळ्यावरून तिला आम्ही वर्षानुवर्षं हुसकत आलो, पापडांच्या डब्यांवर बसते म्हणून. आता आमची पाच माणसं तिच्या जागेत. ती एका तुळईवर बसून आमच्याकडे बघत होती, जरा त्रासिकपणेच. दिवसभर खाली फ्रिज तरंगत भिंतींवर आपटायचा, प्रत्येक धडाक्याला तिचे कान मागे जायचे. आमच्याजवळ बिस्किटांचा एकच पुडा. सासूबाईंनी पहिलं बिस्कीट तिला घातलं. ह्याच सासूबाई तिच्या मागे केरसुणी घेऊन धावायच्या, हे मुद्दाम सांगते.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. मातीच्या भिंती फुगल्या होत्या, राहण्याजोगं घर उरलं नाही. उंचावरच्या एका इमारतीत भाड्यानं गेलो. मनीला गोणीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी गायब. ती पडक्या घरात सापडली. पुन्हा आणली, पुन्हा गेली. मांजर घराचं आणि कुत्रं माणसाचं म्हणतात, ते खंड्याच्या बाबतीत खोटं ठरलं असलं तरी मनीनं खरं केलं. मग सासूबाईच रोज सकाळी रिक्षानं तिकडे जायला लागल्या, डब्यात दूधभात घेऊन. नवरा वैतागायचा, "दुधापेक्षा रिक्षा महाग पडतेय." घर पाडायला घेतलं तेव्हा मजुरांनी तिला शेजारच्या पिठाच्या गिरणीत हलवलं. आता तिथंच असते. उंदरांची ददात नाही, बाईसाहेब चांगल्या गुबगुबीत झाल्यात.

भीमथडी

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात. धरण 1980 ला पुरं झालं, पण गाव हलवायची धांदल त्याच्या कितीतरी आधीची. माझा जन्म नंतरचा, त्यामुळं हे सगळं आजोबांच्या तोंडचं. लोकांनी घरं मोडली आणि बैलगाडीतून नवीन गावठाणात नेली. तुळया, चौकटी, फाडीचे दगडसुद्धा. आमच्या आजच्या घराचं पुढचं दार त्याच घराचं आहे.

गाय होती कपिली. दिवसभर नव्या ठिकाणी चरायची, दिवस कलला की दावं तोडून जुन्या गावात. घराला छप्पर नाही, भिंती अर्ध्या, तरी गोठ्याच्या जागी बरोबर आपल्या खुंट्यापाशी जाऊन उभी. आजोबा रोज संध्याकाळी तिला आणायला जायचे. पाणी ओढ्यातनं वर सरकत होतं. एके दिवशी घोट्याएवढ्या पाण्यात उभी दिसली. त्या रात्री आजोबांनी पहार घेतली, तो जुना बाभळीचा खुंटा उपटून आणला आणि नव्या गोठ्यात रोवला. मग गाय थांबली, असं आजोबा आल्यागेल्याला सांगायचे. आजी आतनं म्हणायची, "खुट्यानं न्हाय थांबली. त्या दिसापासनं म्या तिला सरकी घालाया लागले, म्हून थांबली." या वादाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. माझं मत आजीकडे.

उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवाचं जुनं देऊळ उघडं पडतं. मग ड्रोन घेऊन फोटोवाल्यांची जत्रा. आमच्याकडची म्हातारी माणसं देवळाच्या रोखानं अंदाज घेत घेत आपापल्या घराची जागा दाखवतात. आजोबा घराच्याही आधी गोठा दाखवायचे.

माळवद

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. आम्ही किल्लारीजवळचे. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची हातभर माती. उन्हाळ्यात त्या घरांसारखा गारवा नाही, आणि त्याच मातीनं माणसं गाडली. आमचा बैल दावणीलाच गेला. शेजारच्या घरातलं कुणी उरलं नाही, त्यांचा काळा कुत्रा उरला. तो ढिगारा सोडेना. जवानांच्या जेवणातली पुरी कुणीतरी टाकायचं, ती तोंडात धरून ढिगाऱ्यावर न्यायचा आणि तिथं ठेवायचा. पुढं आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

नवीन गावात रस्ते रुंद, घरं ओळीत. पण आखताना गोठ्याचा विचार कुणी केलाच नव्हता. आधी माणसं आणि जनावरं एकाच वाड्यात, आतबाहेर. मग प्रत्येकानं घरापुढं पत्रे ठोकून गोठा केला.

तिसरा मजला

माळवद, तुमचं वाचून थांबलोच होतो. तरी लिहितो, जरा हलकं आहे.

वरळीची बीडीडी चाळ. खोली 160 चौरस फुटांची, त्यात आम्ही सात जण. कुत्रा आत ठेवणार कुठं? म्हणून टायगर सगळ्या मजल्याचा. सकाळचा चहा-खारी एका खोलीपाशी, दुपारचं मच्छीचं डोकं काकींकडे, रविवारी मटणाचं हाड जिथं मिळेल तिथं. रात्रपाळीवरून येणाऱ्याला जिन्यापासून दारापर्यंत पोचवायचा. पुनर्विकासात चाळ रिकामी झाली, कुणी विरारला, कुणी कळव्याला. टायगरला काकी घेऊन गेल्या. "पोरं परदेशी गेली, ह्याला तरी राहू दे," म्हणाल्या.

आता चाळीस मजली टॉवर. पहिल्याच आठवड्यात काही जणांनी कुरकुर केली, रस्त्यावरचा कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. बैठकीत आम्ही जुने शेजारी एकत्र बसलो. केंद्राच्या पशुकल्याण मंडळाच्या सूचना छापून नेल्या: सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तर आवारातल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून देणं हे रहिवाशांच्या संस्थेचंच काम म्हटलंय. बरीच खडाजंगी झाली, जिंकलो. आणि टायगर लिफ्टमध्ये पाऊल टाकेना! दार बंद व्हायला लागलं की मूत. काकी वर, टायगर पार्किंगमध्ये वॉचमनपाशी. काकी चहा-खारी घेऊन खाली येतात, दिवसातून दोनदा. गुडघे दुखतात म्हणून ज्या जिना चढायच्या नाहीत, त्या आता सगळ्यांशी गप्पा मारायला खाली मोकळ्या.

म्युनिकहून

पुण्यातला आईचा फ्लॅट विकला, आईची गावठी कुत्री रंगी इकडे आणली. कुणाला आणायचं असेल तर सांगते, कारण मला एका ठिकाणी नीट माहिती मिळाली नव्हती. आधी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस. हा क्रम चुकला तर लस धरत नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. रक्त काढल्यापासून 3 महिने थांबायचं. त्या काळात फ्लॅटचा ताबा आधीच दिलेला, म्हणून रंगी मावशीकडे. मावशीनं तिला श्रीखंडाची चटक लावून दिली.

इथं कुत्र्याचा वेगळा कर भरावा लागतो, गळ्यात पालिकेचा बिल्ला. प्रशिक्षक जर्मनमध्ये बस म्हणतो, रंगी त्याच्याकडे बघत राहते. मी "बस गं बाई" म्हटलं की बसते. आईनं लावलेलं वळण ते, "बाई" लावल्याशिवाय अजून बसत नाही. तिकीट मात्र रक्ताचा अहवाल हातात पडल्यावरच काढा.