भाच्याला फुटबॉलमध्ये व्यावसायिक गोलकीपर होऊ द्यावं का? माझं मत: नको

साखळीचा मामा:
भाचा सतरा वर्षांचा आहे. बारावी सायन्स झाली, जीसीईटी या गोव्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण बरे आहेत, फर्मागुढीला इंजिनिअरिंगची सीट मिळेल असं दिसतंय. नेमकं त्याच आठवड्यात क्लबाने त्याला युवा संघातून वरच्या संघाच्या सरावाला बोलावलं, तिसरा कीपर म्हणून. सराव सकाळ-संध्याकाळ, म्हणजे कॉलेज सुटलं. ताई म्हणते, "तू खेळलायस, तूच काय ते सांग." भावोजी आखातात, ते फोनवर म्हणतात मामा म्हणेल तसं. मी नको म्हणतोय, आणि घरात सगळ्यांशी वाईटपणा घेऊन बसलोय.

मी स्वतः दोन हंगाम एका क्लबात दुसरा कीपर होतो. दोन हंगामांत तीन सामने. मानधन तीन-तीन महिने थकायचं, पण त्याचं एवढं वाईट वाटत नाही. बसून राहण्याचं वाटतं. स्ट्रायकर दमला तर शेवटची वीस मिनिटं तरी दुसऱ्याला मिळतात. कीपर बदलतात तो त्याला दुखापत झाली किंवा लाल कार्ड मिळालं तर. म्हणजे आपली पाळी यायची तर आपल्याच माणसाचं वाईट व्हायला हवं. ज्याच्यासोबत रोज सराव करायचा, डबा खायचा, त्याच्याच लंगडण्याकडे डोळे लावून बसायचं. एकदा तो खाली पडला आणि माझ्या मनात आलं, उठू नये याने. त्या रात्री मी जेवलो नाही.

शिवाय गोव्यात क्लब उरलेत किती? साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. त्यातला धेंपो परत आला तो थेट 2024-25 च्या हंगामात. 2025 च्या जुलैत तर आयएसएलचाच, म्हणजे इंडियन सुपर लीगचाच, हंगाम लीग चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून लटकला. अशा धंद्यात पोराला घालू?

पेडण्याचा डावा बॅक:
असहमत, मामा. थकलेल्या मानधनाबद्दल बोलत नाही, ते खरंच आहे. पण तुम्ही स्वतःचे दोन हंगाम पोराच्या पंधरा वर्षांवर लादताय.

20 डिसेंबर 2015 ला मी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर होतो. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन, आयएसएलची अंतिम लढत. 87 व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, 2-1. माझ्या बाजूच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली. तीन मिनिटांनी चेंडू आपल्याच कीपरच्या, लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. संपलं. त्या सामन्यात त्याने पेनल्टीही अडवली होती, पण बाहेर पडताना लोक त्याला काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मीही बोललो.

20 मार्च 2022. तेच फातोर्डा, पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना. तोच कट्टीमणी, आता हैदराबादच्या गोलात, वय 32. केरळ ब्लास्टर्सशी 1-1, मग पेनल्टी. त्याने तीन अडवल्या. हैदराबाद 3-1 ने विजेता. सहा वर्षं तो मनात काय घेऊन फिरला असेल, आणि त्याच मैदानावर उभा राहिला. ज्या वयात विंगर निवृत्तीचं बघतो, त्या वयात कीपरचे चांगले दिवस सुरू होतात. इटलीचा कीपर डिनो झॉफने 1982 चा विश्वचषक 40 व्या वर्षी कर्णधार म्हणून उचलला. इंजिनिअरिंगच्या सीटा दरवर्षी निघतात हो. वरच्या संघाचं बोलावणं दरवर्षी येत नाही.

म्हापशाचा रवी:
+१. आणि कीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव घेतल्याशिवाय गोव्यात ही चर्चा कशी होईल? साळगावकरकडे सतरा हंगाम, 1983 ते 86 भारताचे कर्णधार, 1997 ला अर्जुन, 2022 ला पद्मश्री. 1983-84 ची संतोष ट्रॉफी गोव्याने जिंकली तेव्हा त्यांनी पूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नव्हता.

साखळीचा मामा:
ब्रह्मानंद माझंही दैवत. त्यांचा फोटो आमच्या घरात देवघराच्या बाजूच्या भिंतीवर होता, आई रागवायची तरी काढला नाही. पण दैवताकडे बघून पोटापाण्याचा निर्णय घेऊ नये. पुढचं बघा. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली त्या वर्षांत गोलात कितीदा अभिजित मोंडल होता, बंगालचा. 2010-11 ला साळगावकरने आय-लीग जिंकली तेव्हा करणजित सिंग, पंजाबचा. दोघेही उत्तम, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याच क्लबांना गोल राखायला आपला मुलगा पुरला नाही, हे तरी मान्य करा.

माशेलची आई:
माझा मुलगा तीन वर्षं कीपर आहे, म्हणून लिहिते. मामांचं निम्मं पटतं.

बाहेरच्यांना दिसतं ते उडी मारून अडवलेलं. मला दिसतात त्याच्या कमरेवरच्या खपल्या. तांबड्या मातीवर एकाच बाजूला पुन्हा पुन्हा पडून तिथली कातडी जाडच झालीय. चादरीला डाग लागतात म्हणून मी गडद रंगाच्या चादरी आणल्या. उजव्या करंगळीचं पेर आता सरळ होत नाही, तो दोन बोटं एकत्र टेपने बांधतो. ग्लोव्हजची जोडी अडीच-तीन हजारांची, आणि तळव्याचा लेटेक्स दोन महिन्यांत सोलवटतो. सामन्याआधी तळवे ओले करायचे, नंतर कोमट पाण्यात चिखल काढायचा, पिळायचं नाही, उन्हात घालायचं नाही. पावसाळ्यात आमच्या घरी पंख्याखाली कायम एक जोडी लटकत असते.

हे सगळं चालतं. नाही चालत ते हरल्यावरचं. दहा जणांच्या चुका झाल्या तरी गावात विचारतात, "कीपर कोण होता?" गेल्या हंगामात एक गोल पायांमधून गेला, तर तो आठवडाभर दुकानात सामान आणायला गेला नाही. मी प्रशिक्षकांना विचारलं की या मुलांच्या मनाशी कोणी बोलतं का. ते गप्प राहिले. माझं म्हणणं एवढंच, पाठवायचं तर पाठवा, पण पदवी सोडून नाही. बी.ए., बी.कॉम. बाहेरून करता येतं. इंजिनिअरिंगच हवं असा हट्ट का?

गोलकीपर कोच, दक्षिण गोवा:
मामा, तुमची खंत खरी आहे, निष्कर्ष चुकतोय. बाहेरून कीपर आणावे लागले कारण आपण कीपर घडवलेच नाहीत. आपल्या गावागावांत काय चालतं? कापणी झालेल्या मळ्यात पोरं जमतात, ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभं करतात. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत कीपरचा वेगळा सराव नाही. मग हात छान आणि पाय कच्चे असा मुलगा तयार होतो. 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही, आणि 2025-26 च्या हंगामापासून आठ सेकंदांहून जास्त चेंडू हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. आजचा कीपर हा अकरावा खेळाडू आहे, नुसता पहारेकरी नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आयएसएलच्या पहिल्या हंगामात गोव्याच्या गोलात यान शेडा होता, चेक प्रजासत्ताकाचा, केरळकडे इंग्लंडचा डेव्हिड जेम्स. पुढे परदेशी खेळाडूंच्या जागा कमी झाल्या आणि क्लब त्या पुढच्या फळीत आणि मधल्या फळीत वापरू लागले. गोलात भारतीय मुलगा आला. भारतीय स्ट्रायकरला आज जी जागा मिळत नाही ती कीपरला मिळते. खेळून झाल्यावर एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, गोलकीपिंग कोचचा परवाना काढता येतो, कीपर कोच प्रत्येक संघाला लागतो. मी त्यावरच घर चालवतो, मोठं नाही, पण चालतं.

मात्र तिसरा कीपर म्हणून तीन वर्षं बसायला पाठवणार असाल तर मीही नको म्हणेन. करारात लिहून घ्या की वरच्या संघात जागा नसेल तेव्हा युवा संघाचे किंवा गोवा प्रो लीगचे सामने खेळायला मिळतील. सामने नाहीत तर कीपर कुजतो.

आता तीन प्रश्न. उंची किती? डावा पाय चालतो का? आणि गोल खाल्ल्यावर पुढच्या मिनिटाला तो काय करतो?

साखळीचा मामा:
उंची सहा फुटांना एक इंच कमी, अजून वाढतोय. डावा पाय चालतो, भिंतीवर मारून मारून शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात.

तिसऱ्या प्रश्नासाठी काल मुद्दाम पावसात सामना बघायला गेलो. त्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या हाफला एक साधा क्रॉस त्याच्या ओल्या ग्लोव्हजमधून सटकला, गोल. मला वाटलं खाली बसेल. त्याने चेंडू जाळ्यातून काढून मधल्या रेषेकडे भिरकावला, मग सहा यार्डांच्या रेषेपाशी गेला आणि पुसट झालेली टाचेची खूण पुन्हा टाचेने ओढली. दोन्ही पोस्टच्या बरोबर मध्ये. ती खूण मी त्याला दहा वर्षांचा असताना शिकवली होती, मान न वळवता आपण कुठे उभे आहोत ते कळायला. त्यानंतर तो सगळा वेळ बॅकना ओरडून जागा सांगत होता.

मत बदललेलं नाही. पैशांची भीती तशीच आहे. पण सामने मिळण्याची ती अट कागदावर घेऊन मी आणि ताई सोमवारी क्लबात जातोय. माशेलच्या ताई, बाहेरून बी.कॉम.चे फॉर्म कधीपर्यंत भरता येतात ते सांगाल का?

पेडण्याचा डावा बॅक:
मामा, अट तोंडी मान्य झाली तर उठून या. लिहून दिली तरच सही.