तेलाचं जेल दुसऱ्या दिवशी तेल सोडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चेहरा धुवायला घरी तेलाचं जेल करतेय, पाणी लागलं की दुधाळ होऊन निघून जाणारं. प्रमाण वजनाने: बदाम तेल 75 टक्के, ग्लिसरीन 20, सुक्रोज लॉरेट (इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) 5. लॉरेट कोमट ग्लिसरीनमध्ये विरघळवते, गार झालं की तेल थेंबथेंब सोडत घोटते. आधी मधासारखं पातळ, मग एकदम दाटून येतं. चमचा उलटा केला तरी पडत नाही. पण दुसऱ्या दिवशी बरणीच्या कडेने तेल सुटलेलं असतं आणि वर तवंग.

मेण घालून घट्ट करा, असं कृपया सुचवू नका. त्यात इमल्सिफायर नसतो, त्यामुळे चेहरा धुतला तरी तेलकटच राहतो. खोबरेलही नको, 24 अंशांच्या खाली थिजतं.

तेल 70 टक्क्यांवर आणू, की ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी मिसळू? हाताने घोटणं बरं की ब्लेंडर? ब्लेंडरने हवा भरते, म्हणून टाळतेय. पाणी घातलं तर प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं? तसंही आमच्याकडे सगळे ओली बोटंच बरणीत घालतात, सांगून उपयोग नाही.

कोणाचं जेल महिनाभर टिकलं असेल तर प्रमाण सांगा प्लीज.