आमटी दाट करायची म्हणतेय: बेताच्या खर्चात घरची प्रथिनं

आमच्याकडे पाच माणसं. दोन वाढत्या वयाची, एक सत्तरीपुढची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. हिशोब मांडला आणि आमची आमटी उघडी पडली! पाच जणांत १०० ग्रॅम तूरडाळ, म्हणजे माणशी साडेचार ग्रॅम. बाकी पाणी, चिंच, गूळ. पावडरचे डबे परवडत नाहीत, आणि परवडले तरी नकोत. तुम्ही काय करता ते प्रमाणासकट लिहा.

सोलापूरकर: भाकरी का नाही धरली? १०० ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम असतातच. दोन वेळच्या भाकऱ्यांत निम्म्याच्या आसपास काम होतं. धान्यात लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी, डाळीत भरपूर, म्हणून भाकरी-पिठलं सोबत खायचं. शेंगाचटणीवर फार विसंबू नका. शेंगदाण्यात प्रथिनं पंचवीस टक्के, पण तेल त्याच्या दुप्पट.

लातूरची सून: आमच्याकडे दळणातच सोय असते. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन, ज्यात १०० ग्रॅमला ३६ ग्रॅम प्रथिनं. कच्चं मात्र घालू नका, पचायला जड आणि पोळीला उग्र वास. कढईत मंद आचेवर साल तडकेपर्यंत, आतली डाळ बदामी दिसेपर्यंत भाजायचं. पूर्ण गार झाल्यावरच गव्हात मिसळायचं, गरम दाणे डब्यात टाकले तर घाम धरतात. कणीक नेहमीपेक्षा सैल मळून जास्त वेळ झाकून ठेवा, नाहीतर पोळ्या कडक होतात. आणि दळण थोडंथोडंच करा, पीठ लवकर खवट होतं.

हिशेबी बाबा: लिटरभर दुधात ३२ ग्रॅमच्या आसपास. पाव किलो हरभऱ्यात ५०, आणि पैसे निम्म्याहून कमी. दूध बंद करा असं म्हणत नाही, पण प्रथिनांसाठी दूध वाढवत बसू नका. अंडं खात असाल तर प्रश्नच मिटला, एकात सहा ग्रॅम. ट्रेच आणा.

रत्नांग्रीचा: सुकटीची बेगमी पावसाआधी करायची, मग चार महिने बघायला नको. जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) आधी निवडा, त्यात बारीक शिंपले आणि काडीकचरा असतो. कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजून पाण्यातून पटकन पिळून काढायचा. भरपूर कांदा, लाल तिखट, दोन आमसुलं, झालं. वरच्या मजल्यावरचे खिडक्या लावून घेतात, त्याला इलाज नाही. शाकाहारी मंडळींना कुळथाची पिठी, पण तीही तुमच्या आमटीसारखीच फसवते. वाटीभर पिठीत पीठ जेमतेम दोन चमचे. दाट करा, वरून ओलं खोबरं.

नागपूरची मावशी: गोळाभात करून पाहा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरा डाळीचं भरड. तिखट, हळद, मीठ, जिरं, तेलाचं कडकडीत मोहन, आणि पाणी अगदी बेताचं. भात अर्धा शिजला की गोळे वर ठेवून झाकण लावायचं. वाढताना गोळा फोडून वर हिंगाच्या फोडणीचं तेल आणि लिंबू. डाळ न आवडणारी पोरंही मागून घेतात, पाणीच नाही ना त्यात.

स्टुटगार्टहून: इथं क्वार्क (चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज) स्वस्त मिळतं, १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिनं. श्रीखंडाला ठीकच, पण आम्ही रोज काकडीची कोशिंबीर त्यातच करतो.

अनुभवी: घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नका.

धागाकर्ती: दळणाचं आजच ठरवलं. पण सासूबाईंना मटकी चावत नाही, वर पोट फुगतं. त्यांच्यासाठी?

नागपूरची मावशी: हिरवे मूग रात्री भिजत घाल, सकाळी आलं-जिरं लावून वाट, मऊ धिरडी. माणशी अर्धी वाटी कोरडे मूग धर, १२-१५ ग्रॅम सुटतात. सोबत ताक दे, आणि पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवसच कर.